ट्रेंच गन खरंच इतकी भयंकर होती का? काडतुसाच्या बाजूने एक उत्तर

प्रश्न असा आला आहे: "व्हिडिओ गेममध्ये पहिल्या महायुद्धातली अमेरिकन ट्रेंच गन एका बारात अख्खा खंदक मोकळा करते. ती खरंच इतकी भयंकर होती का? असेल तर ब्रिटिश, फ्रेंच आणि जर्मनांनी ती का घेतली नाही? आणि ज्या जर्मनीने विषारी वायू सोडला तिनेच या बंदुकीला अमानुष का म्हटलं?" सोबत एका बंदुकीचा फोटो आहे आणि ती १९१८ सालची असेल का, अशीही विचारणा आहे.

माझी सगळी नोकरी न्यायसहायक प्रयोगशाळेत, बॅलिस्टिक्स विभागात झाली. आपल्याकडे खेड्यापाड्यांतून गोळीबाराचं प्रकरण आलं की मुद्देमालात बऱ्याचदा बारा बोअरची बंदूक असते. छर्रे किती अंतरावर किती पसरले, त्यावरून बार कुठून उडाला असेल, हे सांगणं हा आमच्या कामाचा मोठा भाग. ट्रेंच गन म्हणजे खंदकासाठी बदललेली छर्र्यांची बंदूक, म्हणजेच शॉटगन, आणि तीही बारा बोअरचीच. त्यामुळे तिच्याबद्दल वाचताना मी आधी काडतूस बघतो आणि मग बंदूक. हे उत्तरही त्याच क्रमाने लिहितो आहे, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांची किल्ली मला काडतुसातच दिसते.

"ही बंदूक भयंकर होती का" याला सरसकट हो किंवा नाही म्हणता येत नाही. किती अंतरावर, कुठल्या कामासाठी आणि काडतूस कोरडं होतं की ओलं, यावर ते अवलंबून आहे. दहा मीटरवर, रात्री, खंदकाच्या वळणावर, कोरड्या काडतुसांनिशी ती त्या काळातल्या कुठल्याही रायफलपेक्षा कामाची होती. शंभर मीटरवर ती जवळजवळ निरुपयोगी होती. आणि काडतूस भिजलेलं असेल तर दहा मीटरवरही तिचा भरवसा नव्हता.

आधी खंदक कसा असतो ते डोळ्यांपुढे आणा. गेममध्ये तो लांबलचक सरळ नाला दाखवतात. खरा खंदक नागमोडी किंवा चौकोनी वळणांचा असे. पाच-सहा ते आठ-नऊ मीटरचा एक सरळ तुकडा, मग आडवा मातीचा जाड बांध, त्याला वळसा घालून पुढचा तुकडा. हे मुद्दाम केलेलं असे. तोफेचा गोळा एका तुकड्यात पडला तर त्याचा स्फोट शेजारच्या तुकड्यात जाऊ नये, आणि शत्रू एका टोकाला घुसला तर त्याला अख्ख्या खंदकावर सरळ गोळ्या झाडता येऊ नयेत. म्हणजे खंदकात शिरलेल्या सैनिकासमोर एका वेळी फार तर आठ-नऊ मीटरचा पट्टा असे, रुंदीला दोन माणसं जेमतेम एकमेकांना ओलांडतील एवढा.

आता छर्रे. ट्रेंच गनमध्ये जे काडतूस वापरत त्यात नऊ शिशाचे गोळे असत, प्रत्येकाचा व्यास सुमारे ८.४ मिलिमीटर आणि वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास. आपल्याकडे ज्याला एसजी म्हणतात त्याच्या अगदी जवळचा हा आकार. नळी २० इंचाची, पुढे चोक (तोंडाशी नळी अरुंद करणं) नसलेली, म्हणजे सरळ सिलिंडर. अशा नळीतून हे गोळे साधारणपणे दर मीटरला अडीच ते तीन सेंटिमीटर या हिशेबाने पसरतात. आठ मीटरवर पसारा वीस-पंचवीस सेंटिमीटर झाला, म्हणजे जेवणाच्या ताटापेक्षाही लहान.

गेम इथेच चुकतो. एका बाराने खंदकाची रुंदी भरून निघत नाही. त्या अंतरावर नेम धरावाच लागतो. फरक एवढाच की रायफलीचा नेम चार बोटं चुकला तर गोळी शेजारून निघून जाते, इथे चार बोटं चुकूनही नऊपैकी काही गोळे लागतात. अंधारात, धापा टाकत, नेम धरायची नळीच्या टोकावरची माशी दिसत नसताना ही चार बोटांची सवलत फार मोठी असते.

पसाऱ्याचे हे आकडे ठोकळ आहेत हेही सांगतो. प्रयोगशाळेत आम्ही पुस्तकातल्या तक्त्यावर कधीच अहवाल देत नसू. जप्त झालेली तीच बंदूक, शक्यतो त्याच जातीचं काडतूस, आणि समोर पांढरा कागद किंवा कापड. दोन मीटर, चार मीटर, सहा मीटर असे बार काढत जायचं आणि प्रत्येक कागदावरचा पसारा मोजायचा. एकाच कारखान्याच्या दोन बंदुका, एकाच पेटीतली काडतुसं, तरी पसारा सारखा येत नाही. अगदी जवळून, मीटरभराच्या आतून बार लागला तर छर्रे सुटे होण्याआधीच एकत्र घुसतात आणि एकच मोठं भोक पडतं. थोडं लांबून त्याच भोकाच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या होतात आणि भोवती एकेक सुटं भोक दिसायला लागतं. आणखी लांबून मधलं मोठं भोक नाहीसंच होतं. तीस-पस्तीस मीटरवर नऊ गोळे जवळजवळ मीटरभर वर्तुळात विखुरतात. त्यातला एखादा माणसाला लागेल, लागणारही नाही. त्यापुढे या काडतुसाकडून काही अपेक्षा ठेवू नये. गोल गोळा हवेत वेगही फार लवकर गमावतो.

म्हणजे बंदुकीचा पल्ला आणि खंदकाच्या एका तुकड्याची लांबी यांचा मेळ बसत होता. योगायोग म्हणा, पण ट्रेंच गनचं सगळं यश या एका मापात आहे.

बंदुकीकडे येऊ. सर्वांत प्रसिद्ध ट्रेंच गन म्हणजे विंचेस्टर मॉडेल १८९७. मूळ रचना जॉन मोझेस ब्राउनिंग यांची. त्यांचंच १८९३ चं मॉडेल काळ्या दारूसाठी होतं, ते बिनधुराच्या दारूला पुरेल इतकं मजबूत करून ९७ तयार झालं. ही शिकारीची आणि पोलिसांची बंदूक होती. बाजारात खपणारी, शेतकऱ्याच्या घरात टांगलेली. १९५७ पर्यंत ती बनत राहिली आणि एकूण दहा लाखांहून अधिक बनल्या. सैन्यासाठी नवीन शस्त्र शोधावं लागलं नाही, बाजारातल्या चालू मालाला खंदकाजोगं करून घेतलं गेलं. अमेरिकन सैन्याला या बंदुकीची ओळखही होती. १९०० साली फिलिपिन्समधल्या जंगलातल्या लढायांसाठी सुमारे २०० बंदुका घेतल्या गेल्या होत्या. तिथे झाडीतून अचानक अंगावर येणाऱ्या माणसाला थांबवण्याचा प्रश्न होता. खंदकातला प्रश्न त्याहून फार वेगळा नव्हता.

नळीखालच्या नळकांड्यात पाच काडतुसं आणि नळीत एक, अशी सहा. पुढचा लाकडी दांडा मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलला की नवीन आत. रायफलीचा बोल्ट चालवायला उजवा हात चापावरून काढावा लागतो, कोपर वर जातं, नेम हलतो. इथे उजवा हात चापावरच राहतो, डावा हात बंदूक धरता धरताच ती भरतो. या मॉडेलमध्ये आणखी एक गोष्ट होती जी नंतरच्या बंदुकांमधून काढून टाकली गेली. चाप दाबूनच ठेवला तर दांडा पुढे जाऊन काडतूस नळीत बंद होताच घोडा आपोआप पडतो आणि बार उडतो. नुसता दांडा मागे-पुढे करत राहायचं. सहा बार, प्रत्येकी नऊ गोळे, म्हणजे काही सेकंदांत चोपन्न गोळे त्या आठ मीटरच्या पट्ट्यात. "खंदक मोकळा करते" ही ख्याती इथून आली. पण त्यानंतर बंदूक रिकामी असते, आणि ती भरायची म्हणजे एकेक काडतूस खालून अंगठ्याने आत सारायचं. अंधारात, चिखलाने माखलेल्या, गारठलेल्या बोटांनी. म्हणून ट्रेंच गनवाला कधी एकटा जात नसे. त्याच्या मागे संगीनवाले आणि हातबॉम्बवाले असत.

संगीनेचा विषय निघालाच आहे तर तो थोडा सविस्तर सांगतो, कारण या बंदुकीच्या रचनेतला हा सगळ्यात हुशारीचा भाग आहे. रायफलीच्या संगीनेला पुढे एक कडं असतं, ते नळीच्या तोंडावर चढतं. बारा बोअरची नळी आतूनच साडेअठरा मिलिमीटरची, बाहेरून आणखी जाड. ते कडं तिच्यावर चढणं शक्यच नाही. शिवाय शिकारी बंदुकीची नळी पातळ पत्र्याची असते, तिच्यावर थेट खुंटी बसवून संगीन अडकवली तर पहिल्याच हिसक्यात नळी वाकायची. म्हणून नळीभोवती स्क्रूने आवळून बसणारी एक पोलादी बैठक केली आणि तिच्यावर एम १९१७ रायफलीची संगीन लावली. तिचं पातं १७ इंचांचं. त्याच बैठकीला जोडून नळीच्या वर भोकं पाडलेलं पोलादी कवच बसवलं.

हे कवच उष्णतेसाठी असतं असं सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. पातळ नळी सहा-सात बारांत हाताला चटका देण्याइतकी तापते. पण माझ्या मते त्याचं तितकंच मोठं काम दुसरं आहे. पंप बंदुकीचा पुढचा दांडा सरकणारा असतो. संगीन खुपसताना डावा हात त्याच्यावर असेल तर नेमक्या जोर लावायच्या क्षणी दांडा हातात सरकू शकतो. हात पुढे, न हलणाऱ्या जागेवर हवा. ती जागा म्हणजे तापलेली नळी. तिला धरायला हे कवच. संगीन आणि कवच एकाच जोडणीत का आले, हे यातून उलगडतं.

या बंदुकीचा घोडा बाहेर असतो. अंधारात अंगठा फिरवला की चढलेला आहे की उतरलेला हे कळतं. ही चांगली बाजू. वाईट बाजू अशी की दांडा मागे ओढल्यावर तिचा खटका (काडतूस आत-बाहेर करणारा बोल्ट) शरीरातून मागे बाहेर येतो आणि खालचा भागही उघडा पडतो. चिखलाला आत शिरायला आयती वाट. सैन्याने घेतलेली दुसरी बंदूक, रेमिंग्टन मॉडेल १०, याबाबतीत जास्त बंदिस्त होती. घोडा आत, काडतूस भरायचं आणि बाहेर पडायचं तोंड खालच्या बाजूला. तिच्यावर नळीवर लाकडी कवच होतं आणि नळी २३ इंचांची. पण तिची संख्या विंचेस्टरच्या मानाने फार कमी राहिली.

आता ज्याकडे बहुतेक लेख दुर्लक्ष करतात तिकडे येतो. त्या काळचं बारा बोअरचं काडतूस कागदाचं असे. खाली पितळी बूड, वर गुंडाळलेल्या, मेण लावलेल्या कागदाची नळी, तिचं तोंड आत वळवून बंद केलेलं. शिकारीला हे छान चालतं. सकाळी खिशात टाकली, संध्याकाळी उरलेली घरी. खंदकात मात्र माणूस गुडघाभर पाण्यात आठवडा काढतो.

ओल्या कागदी काडतुसाचं काय होतं ते मी हातात धरून पाहिलं आहे. पोलिसांच्या मालखान्यात एखाद-दोन पावसाळे काढलेली जुनी कागदी काडतुसं तपासणीला यायची. बूड पितळेचं, त्याचा आकार बदलत नाही. कागद मात्र ओल धरून फुगतो, त्याचे पदर सुटायला लागतात, आणि वळवलेलं तोंड सैल पडतं. असं काडतूस नळीत घालायला गेलं तर पाऊण आत जातं आणि बुडाच्या थोडं आधी अडकतं. दाबून बसवलं तर बसतं, पण मग बाहेर काढताना खरी अडचण. पितळी बूड खटक्याबरोबर येतं आणि फाटलेला कागद नळीतच चिकटून राहतो. टेबलावर, उजेडात, चिमटा घेऊन बसलेल्या माणसालाही तो काढायला वेळ लागतो. रात्री शत्रूच्या खंदकात तो काढणं कुणालाच शक्य नाही. त्यातून पंप बंदुकीत काडतुसं नळकांड्यात एकामागे एक, स्प्रिंगच्या दाबाखाली रांगेत असतात. मऊ पडलेलं तोंड मागच्या बुडाने चेपलं जातं आणि आतले गोळे सुटे होऊन यंत्रणेत पडू शकतात.

अमेरिकन सैनिकांना हा त्रास झाला आणि तो वरिष्ठांपर्यंत पोहोचला. उपाय उघड होता, पूर्ण पितळेचं काडतूस. ते तयारही झालं, पण तोवर युद्ध संपत आलं होतं आणि आघाडीवर त्यातली फार थोडी पोहोचली. म्हणून मी म्हणतो की १९१८ मध्ये खंदकात जी ट्रेंच गन होती ती अर्धवट तयार झालेलं शस्त्र होतं. बंदूक खंदकासाठी बदलली होती, काडतूस अजून शिकारीचंच होतं.

यातूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळतं. वजनाचा हिशेब करा. रायफलीच्या एका काडतुसापेक्षा बारा बोअरचं काडतूस दीडपटीहून अधिक जड आणि जाडीला कितीतरी जास्त. एका माणसाने वाहून न्यायच्या गोळ्यांची संख्या त्या प्रमाणात घटते. शिवाय पुरवठ्याच्या गाडीत आणखी एक वेगळी पेटी, आणि तीसुद्धा पाण्यापासून जपायची. ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्याकडे तोवर याच कामासाठी दुसरं साधन होतं, हातबॉम्ब. १९१५ पासून ब्रिटिशांकडे मिल्स बॉम्ब होता. खंदकाच्या वळणापलीकडे कोण आहे हे न बघता तो बांधावरून पलीकडे टाकता येतो. बंदुकीची गोळी, मग ती कुठलीही असो, वळण घेत नाही. त्यांच्या छाप्याच्या टोळीची ठरलेली रचनाच असे: पुढे संगीनवाले, मागे बॉम्ब फेकणारे, त्यांच्या मागे बॉम्बच्या पिशव्या वाहणारे. तीन वर्षांच्या अनुभवातून ही पद्धत बसली होती. अमेरिकनांनी त्यातल्या पुढच्या संगीनवाल्याच्या हातात शॉटगन दिली. बाकी रचना तीच राहिली.

दुसरं कारण बाजाराचं. ब्रिटनमध्ये चांगली शॉटगन म्हणजे हाताने घडवलेली दुनळी, दोन बारांची. खंदकात दोन बार म्हणजे काहीच नाही. सहा बारांच्या पंप बंदुका हजारोंनी बनवणारे कारखाने अमेरिकेत होते. जर्मनांनी आपल्या धडक तुकड्यांसाठी वेगळी वाट धरली. हातबॉम्ब आणि धार लावलेली फावडी होतीच, १९१८ मध्ये त्यात बर्गमनची एमपी १८ ही सबमशीनगन आली. पिस्तुलाची गोळी, धातूचं काडतूस, ३२ गोळ्यांचं ड्रम. काडतुसाच्या नजरेने पाहिलं तर जर्मनांचं उत्तर जास्त दूरदर्शी होतं. पुढे जगभरच्या सैन्यांनी सबमशीनगन घेतली, शॉटगन मोजक्या कामांपुरती राहिली, यात नवल नाही.

मराठी वाचकांसाठी एक धागा इथे जोडतो. अमेरिकन येण्याच्या कितीतरी आधी, २८ ऑक्टोबर १९१४ रोजी, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या ४७ व्या शीख पलटणीबरोबर फ्रान्समधल्या नव्ह शापेल या गावात घुसल्या. सॅपर म्हणजे खरं तर पूल, खंदक, सुरुंगाची कामं करणारा माणूस. त्या दिवशी ते गल्लीबोळांत, घराघरांत संगिनी घेऊन लढले आणि त्यांची अतोनात हानी झाली. पाच-सात मीटरवरच्या झुंजीत लांब रायफल आणि संगीन घेऊन उतरलेल्या माणसावर काय वेळ येते, ते त्या गावात दिसलं. ट्रेंच गन ज्या प्रश्नाचं उत्तर म्हणून १९१७ मध्ये पुढे आली, तो प्रश्न आपल्या माणसांनी तीन वर्षं आधी अंगावर घेतला होता. त्यांच्या हाती ते उत्तर कधीच पडलं नाही, कारण भारतीय पायदळ १९१५ च्या अखेरीस फ्रान्समधून मेसोपोटेमियाकडे गेलं.

आता निषेधाकडे. २१ जुलै १९१८ रोजी अमेरिकेच्या ७७ व्या डिव्हिजनचा एक सैनिक आणि ११ सप्टेंबरला ५ व्या डिव्हिजनचा एक सैनिक जर्मनांच्या हाती लागले, दोघांकडेही विंचेस्टर ९७ होती. १९ सप्टेंबरला जर्मन सरकारने स्वित्झर्लंडमार्फत निषेध पाठवला. आधार १९०७ च्या हेग नियमावलीतलं कलम २३ (ई), ज्यात विनाकारण यातना देणारी शस्त्रं आणि प्रक्षेपकं वापरायला मनाई आहे. सोबत धमकी होती: अशी बंदूक किंवा तिची काडतुसं ज्या कैद्याकडे सापडतील त्याला प्राणाला मुकावं लागेल. २८ सप्टेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लॅन्सिंग यांनी उत्तर दिलं की शॉटगनचा वापर बेकायदा नाही, आणि एकाही कैद्याला असं मारलं तर अमेरिकाही त्याला तसंच प्रत्युत्तर देईल. धमकी प्रत्यक्षात आली नाही आणि सहा आठवड्यांत, ११ नोव्हेंबरला, युद्धच थांबलं.

एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्र इथे क्लोरीन सोडणाऱ्या सरकारने हे म्हणावं याचा राग येणं साहजिक आहे. तरी तक्रार करणारा कोण आहे हे बाजूला ठेवून तक्रार तपासायला हवी, ही माझ्या कामाची सवय. जर्मनांचा मुद्दा हवेतून आलेला नव्हता. १८९० च्या दशकात कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यात ब्रिटिशांनी अशी गोळी बनवली जिच्या टोकाला शिसं उघडं होतं आणि जी शरीरात फुलायची. त्यावर युरोपात गदारोळ झाला आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्यात फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली. अमेरिकेने त्या वेळी या बंदीला विरोध केला होता. तेव्हापासून "उघडं शिसं म्हणजे अमानुष" हे समीकरण अनेकांच्या डोक्यात बसलं. ट्रेंच गनचे गोळे तर पूर्ण उघड्या शिशाचे.

पण डमडम गोळी फुलायची ती रायफलीच्या वेगामुळे. शॉटगनच्या गोळ्याचा वेग सेकंदाला साडेतीनशे ते चारशे मीटर, रायफलीच्या गोळीच्या निम्म्याच्या आसपास, आणि गोळा आधीच गोल. शवविच्छेदनातून आमच्याकडे येणारे मोठे छर्रे मी बरेच पाहिले आहेत. नळीत एकमेकांवर दाबले गेल्याने त्यांच्यावर चपट्या खुणा असतात, हाडाला लागलेला वाकडातिकडा होतो, पण नुसत्या मांसातून गेलेला बहुधा गोलच राहतो. डमडमसारखं उलटं फुललेलं फूल त्यात दिसत नाही. जखम भयंकर असते ती गोळ्यांच्या संख्येमुळे. आणि त्या युद्धात बहुतेक माणसं तोफगोळ्यांनी मेली आणि जायबंदी झाली, वेड्यावाकड्या पोलादी तुकड्यांनी. ते कायदेशीर आणि नऊ गोल गोळे बेकायदा, हा युक्तिवाद टिकत नाही. माझ्या मते लॅन्सिंग यांची बाजू बरोबर होती. एक गोष्ट मात्र या निषेधातून खात्रीने कळते: समोरच्या सैनिकांना ती बंदूक जाणवत होती. जिचा उपद्रव नाही तिच्यासाठी कुणी परराष्ट्र खातं कामाला लावत नाही.

अमेरिकन नेमबाज हवेतले हातबॉम्ब शॉटगनने पाडत, ही गोष्टही तुम्ही कुठेतरी वाचाल. तिचा हिशेब मांडून बघा. साडेतीन ग्रॅमचा गोळा सेकंदाला साडेतीनशे मीटर वेगाने जातो, त्याचा संवेग (किलोतलं वजन गुणिले वेग) १.२ च्या आसपास येतो. जर्मन दांड्याचा बॉम्ब अर्ध्या किलोहून जड, पंधरा मीटर वेगाने येत असेल तर संवेग आठ-नऊ. एक गोळा लागला तर बॉम्बची वाट किंचित बदलेल, तो परत फिरणार नाही. आणि पंधरा-वीस मीटरवर अर्ध्या मीटरच्या वर्तुळात विखुरलेल्या नऊ गोळ्यांपैकी एक तरी त्या लहानशा डब्याला लागायला हवा. तरबेज माणसाकडून क्वचित घडेल असं हे काम आहे, लढाईची पद्धत म्हणून त्यावर विसंबता येणार नाही.

मग प्रत्यक्षात तिने किती काम केलं? माझ्या अंदाजाने, नावाच्या मानाने कमी. या बंदुका १९१८ मध्ये आघाडीवर पोहोचल्या. मार्चमधल्या जर्मन हल्ल्यानंतर युद्ध पुन्हा हलतं झालं होतं. सप्टेंबरअखेर म्यूज-आर्गोनची लढाई सुरू झाली तेव्हा अमेरिकन सैन्य जंगलं, टेकड्या आणि गावं पार करत होतं. छाप्यांच्या आणि खंदकांच्या तीन वर्षांसाठी जे शस्त्र हवं होतं ते शेवटच्या काही महिन्यांत हाती आलं. बऱ्याच बंदुका कैद्यांवर पहारा ठेवण्यात गेल्या, आणि त्या कामाला ती उत्तमच होती.

पितळी काडतुसाचं महत्त्व दुसऱ्या महायुद्धात पटलं. पॅसिफिकच्या दमट बेटांवर अमेरिकन मरीन सैनिकांनी तीच ९७ आणि तिच्याबरोबर विंचेस्टर मॉडेल १२ वापरली, पूर्ण पितळी काडतुसांनिशी. पुढे मलायाच्या जंगलात ब्रिटिशांनीही शॉटगन घेतल्या, ज्या त्यांनी १९१८ मध्ये टाळल्या होत्या. तिथे अंतर पुन्हा वीस-तीस मीटरवर आलं होतं.

राहिला तुमचा फोटो. त्यातल्या कवचावर भोकांच्या ओळी मोजा. पहिल्या महायुद्धातल्या विंचेस्टरच्या कवचावर सहा ओळी असत, चार ओळींचं कवच १९४० च्या दशकातलं. तुमच्या फोटोत मला चारच दिसतात. मग नळी आणि बंदुकीचं शरीर जिथे भेटतं तो सांधा बघा. १९१८ च्या बंदुका अखंड शरीराच्या होत्या, नळी सुटी करता येणारी रचना सैन्याच्या बंदुकांत नंतर आली. हा सांधा फोटोच्या कोनामुळे झाकला गेला आहे. डाव्या बाजूने, जवळून दुसरा फोटो टाकलात तर त्यावरही सांगता येईल. कवच बदलता येतं, त्यामुळे नुसत्या चार ओळींवरून बंदूक नंतरची ठरत नाही. सांधा मात्र बदलता येत नाही.